मणक्याचं ऑपरेशन, आईंचा स्टेंट आणि ‘रक्त घट्ट करणारं’ इंजेक्शन

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई ६३ वर्षांच्या, वजन ५८ किलो, मधुमेह आहे, दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवला. आता कमरेत एल-४ पासून एस-१ पर्यंत, म्हणजे कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांपासून त्याखालच्या त्रिकास्थीपर्यंत, स्क्रू आणि रॉड घालून मणके जोडायचे ठरलेत. सर्जन म्हणाले, रक्त कमी जावं म्हणून ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड देऊ, ऑपरेशननंतरही एक डोस देऊ. औषधाचं दुकान असलेले मामा म्हणाले, ते रक्त घट्ट करतं, स्टेंट बंद पडेल, अजिबात घेऊ नका. आता घरात दोन तट पडलेत आणि तुम्हाला हो किंवा नाही एवढंच हवंय.

मी भूलतज्ज्ञ आहे. सांगली-मिरज भागात बावीस वर्षं काम करतेय आणि त्यातला मोठा वाटा मणक्याच्या ऑपरेशनांचा आहे. आईंना मी भूल देणार असते तर बहुधा हे औषध दिलं असतं. त्यांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे ‘बहुधा’ हा शब्द मागे घेत नाही. तो कशाकशावर अवलंबून आहे ते पुढे सांगते. पण तुमच्या लिखाणातली एक ओळ मला या औषधापेक्षा जास्त खटकली. जाता जाता तुम्ही लिहिलंय, ‘बाकी सगळं ठीक, हिमोग्लोबिन ९.८ आहे.’ ते ठीक नाही. त्याकडे येतेच, आधी मामांचा मुद्दा घेऊ.

शेताचा बांध डोळ्यांसमोर आणा. जखम झाली की शरीर तिथे बांध घालतं. आधी प्लेटलेट्सचे दगड रचले जातात, मग त्यावर फायब्रिनच्या धाग्यांचा गिलावा बसतो. रक्ताची गुठळी म्हणतो ती हीच. पण शरीराला हा बांध कायमचा नको असतो, नाहीतर काही दिवसांत सगळ्या वाटा बुजतील. म्हणून बांध घालतानाच तो पोखरणारे खेकडेही सोडलेले असतात. त्यांचं नाव प्लाझ्मिन. (खेकड्यांवर धरणफुटीचं खापर फोडलं गेलं ते प्रकरण निराळं, मी आपली शेताच्या बांधापुरतीच बोलतेय.) मोठ्या ऑपरेशनात, जिथे हाड आणि स्नायू बरेच उघडे पडतात, तिथे हे खेकडे पहिल्या काही तासांत जरा जास्तच जोरात कामाला लागतात. इकडे बांध घालून होतोय, तिकडे तो पाझरतोय.

खेकड्याला पोखरायचं तर आधी बांध नांगीत धरावा लागतो. फायब्रिनच्या धाग्यावर लायसिन या अमिनो आम्लाच्या खुंट्या असतात, त्या तो पकडतो. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची घडण लायसिनसारखीच आहे. ते आधीच जाऊन नांगीत बसतं, मग खेकड्याला खुंटी धरता येत नाही. औषधाचं काम एवढंच. ते नवा बांध घालत नाही, प्लेटलेट्सना चिथावत नाही, रक्त दाट करत नाही. जिथे बांध घातला गेलाय तिथे तो टिकू देतं.

जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने १९६२ साली हे औषध जगापुढे मांडलं. त्यांच्या मनात होत्या बाळंतपणात रक्तस्रावाने दगावणाऱ्या बायका. त्या कामासाठी वीस हजारांवर बायकांवर झालेली मोठी चाचणी प्रसिद्ध व्हायला २०१७ उजाडलं. उताकोबाई आदल्याच वर्षी गेल्या. मणक्याच्या ऑपरेशनांत आम्ही ते वापरायला लागलो ते त्या मानाने अलीकडे. त्याआधी ॲप्रोटिनिन नावाचं एक महागडं औषध मोठ्या ऑपरेशनांत वापरलं जायचं. हृदयाच्या ऑपरेशनांत त्याने मृत्यू वाढतात असं दिसल्यावर २००७-०८ च्या सुमारास ते मागे पडलं. म्हणजे ‘रक्त थांबवणाऱ्या औषधाने काही अपाय होत नाही ना’ ही मामांची शंका काही खुळचट नाही. आमच्या क्षेत्राने त्या शंकेची किंमत मोजलेली आहे.

मामा अर्धे बरोबर आहेत. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात आधीच गुठळी असेल, तर ती विरघळवायला शरीराला खेकडे हवेच असतात. तिथे त्यांच्या नांग्या बांधणं धोक्याचं. म्हणून अशा रुग्णाला हे औषध देत नाहीत आणि वेष्टनातल्या कागदावरही तसंच लिहिलेलं असतं. मामांच्या दुकानात हे औषध पाळीत रक्त फार जातं त्यासाठीच्या गोळ्यांच्या रूपात खपतं. पायात गुठळी होऊन गेलेल्या बाईला ते देताना ते बिचकत असतील तर योग्यच करतात.

पण आईंचा स्टेंट ही वेगळी गोष्ट आहे. धमनीतला स्टेंट बंद पडतो तो मुख्यतः दगडांमुळे, म्हणजे प्लेटलेट्स चिकटल्यामुळे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या दगडांच्या खात्यावर काम करतात, ट्रॅनेक्सॅमिक खेकड्यांच्या. खाती वेगळी आहेत म्हणून धोका शून्य असं मात्र मी म्हणणार नाही. एखाद्या रक्तवाहिनीत छोटी गुठळी आपोआप विरघळून गेली असती आणि औषधामुळे ती टिकली, हे कल्पनेत तरी शक्य आहे. म्हणून कल्पनेवर न राहता आकडे बघायचे.

आईंसारख्या लोकांचा सगळ्यात कामाचा आकडा २०२२ सालच्या पॉइझ-३ या चाचणीतून आला. हृदय सोडून इतर ऑपरेशनं होणारे, पण हृदयाचा किंवा रक्तस्रावाचा धोका असलेले ९,५३५ रुग्ण. अर्ध्यांना ऑपरेशनच्या सुरुवातीला एक ग्रॅम आणि शेवटी एक ग्रॅम ट्रॅनेक्सॅमिक, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी, म्हणजे सलाइन. महिनाभरात गंभीर रक्तस्राव औषधवाल्यांपैकी ९.१ टक्के आणि पाणीवाल्यांपैकी ११.७ टक्के लोकांना झाला. हृदयाला इजा, पक्षाघात, गुठळी असं सगळं धरून झालेले त्रास औषधवाल्यांत १४.२ टक्के आणि पाणीवाल्यांत १३.९ टक्के. हे दुसरे दोन आकडे जवळजवळ सारखे दिसतात. पण ‘औषध पाण्याइतकंच सुरक्षित आहे’ हे सिद्ध करायला संशोधकांनी जी रेषा आधी आखून ठेवली होती, ती अगदी थोडक्यात हुकली. माझ्या भाषेत त्याचा अर्थ असा, की फायदा नक्की आहे, तोटा असलाच तर लहान आहे, पण तोटा नाहीच असं शपथेवर कुणी सांगू नये. ‘शंभर टक्के सेफ आहे हो’ म्हणणारा डॉक्टर आणि ‘स्टेंट बंदच पडणार’ म्हणणारे मामा, दोघांनीही थोडं थोडं मागे सरकावं.

आता हे औषध दिलं म्हणजे नेमकं किती रक्त वाचतं? २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सर्व प्रकारच्या ऑपरेशनांतल्या १२९ चाचण्यांचा एकत्र हिशेब आला होता. औषधामुळे रक्त चढवावं लागण्याची शक्यता साधारण एक तृतीयांशाने कमी झाली होती. मणक्यावरचे अभ्यास आकाराने लहान आहेत, पण त्यांचाही कल याच दिशेचा आहे. आईंसारख्या दोन पातळ्यांच्या, म्हणजे मणक्यांमधले दोन सांधे जोडायच्या, ऑपरेशनात टेबलावर आणि नंतर जखमेत ठेवलेल्या ड्रेनच्या नळीतून मिळून समजा ९०० मिली गेलं असतं, तर औषधाने त्यातलं सव्वादोनशे ते तीनशे मिली वाचेल असा माझा ढोबळ अंदाज असतो. पाठीला बाक असलेल्या मुलांच्या ऑपरेशनात दहा-बारा मणके उघडतात, तिथे हाच फायदा कितीतरी मोठा होतो आणि तिथे आम्ही मात्राही जास्त वापरतो. नुसती एक चकती काढायची असेल तर इतकं कमी रक्त जातं की मी औषधाची ॲम्प्यूल फोडतही नाही. आईंचं प्रकरण मधलं आहे.

याच ठिकाणी ९.८ चा हिशेब मांडते. कागद-पेन घ्या. आईंच्या वजनाच्या बाईच्या अंगात साधारण ३,८०० मिली रक्त असतं. हृदयाचा आजार असलेल्या रुग्णाचं हिमोग्लोबिन आम्ही सहसा ८ च्या खाली जाऊ देत नाही, तिथे पोचलं की रक्त देतो. ९.८ वरून ८ पर्यंत यायला किती रक्त गेलं पाहिजे? ढोबळ सूत्राने सुमारे ७०० मिली. म्हणजे अगदी सुरळीत ऑपरेशनातही आई त्या रेषेला टेकणार. आता तेच हिमोग्लोबिन आधी ११.८ वर नेलं, तर ही मुभा सुमारे १,२०० मिली होते. औषध वाचवतंय तीनशेपर्यंत आणि आधीची तयारी वाचवतेय पाचशे. घरात वाद मात्र तीनशेवर चाललाय.

शिवाय ६३ वर्षांच्या, स्टेंटमुळे बहुधा ॲस्पिरिन घेणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन ९.८ का आहे, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारलाच पाहिजे. कंबर दुखते म्हणून त्या गेलं वर्ष-दीड वर्ष डायक्लोफिनॅक किंवा तत्सम गोळ्या घेत असतीलच. ॲस्पिरिन आणि दुखण्याची गोळी एकत्र म्हणजे जठरातून थोडंथोडं रक्त झिरपायला आमंत्रण. शौचाचा रंग डांबरासारखा काळा होतो का, विचारा. विचारायला लाजू नका, त्या आपणहून सांगणार नाहीत. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल आणि घरात शाकाहार असेल तर बी-१२ पण बघा. लोह कमी निघालं तर शिरेतून लोहाची इंजेक्शनं देता येतात, तीन-चार आठवड्यांत फरक दिसतो. कमरेचं ऑपरेशन बहुतेक वेळा एवढं थांबू शकतं. थांबू शकत नाही ते कधी, तर पायातली ताकद झपाट्याने जात असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा जात असेल तेव्हा. असं काही असेल तर हा परिच्छेद विसरा आणि सर्जन सांगतील तसं करा.

मागच्या वर्षी अशाच एका आजींचं ऑपरेशन मी पाच आठवडे पुढे ढकलायला लावलं. मुलगा माझ्यावर नाराज झाला, त्याने सुट्टी काढली होती. आजींना शेवटी रक्ताची एकही पिशवी लागली नाही. औषधाची करामत किती आणि लोहाची किती, मला वेगळं करून सांगता येणार नाही. पण रक्तपेढीतून फोन येऊन रात्री नातेवाइकांना ‘बदली रक्तदाते आणा’ म्हणून पळायला लागलं नाही, हे खरं.

औषधाच्या वेळेबद्दलही बोललं पाहिजे, कारण तुमच्या सर्जनने ‘नंतरही डोस देऊ’ म्हटलंय आणि तुम्हाला तेच जास्त भीतीदायक वाटलंय. खेकडे पहिल्या काही तासांत जोरात असतात हे मघाशी म्हटलं. म्हणून पहिला डोस कातडीला सुरी लागण्याच्या आधी शिरेत जायला हवा. रक्त वाहायला लागल्यावर धावपळ करून दिलेल्या औषधाचा उपयोग कमी. अपघातातल्या जखमींवर २०१० साली क्रॅश-२ नावाची वीस हजारांवर रुग्णांची चाचणी झाली, तिने हाच धडा फार स्पष्ट शिकवला. तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात, त्यानंतर दिलं तर फायदा नाहीच, उलट नुकसानीकडे झुकतं. ऑपरेशन म्हणजे अपघात नव्हे, पण शरीराला तो फरक फारसा कळत नाही.

मी स्वतः देते ती मात्रा दर किलोला १० ते १५ मिलीग्रॅम. आईंच्या वजनाला ती एक ग्रॅमच्या आतच येते. ती दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू सोडायची. घाईने ढकललं तर रक्तदाब खाली येतो, आणि स्टेंटवाल्या रुग्णाला ते नकोच. मग ऑपरेशन चालू असेपर्यंत पंपातून दर तासाला किलोमागे एक मिलीग्रॅम. काही जण पंपाऐवजी टाके घालताना दुसरा डोस देतात. औषधाचा शरीरातला जोर साधारण दोन-अडीच तासांत निम्मा होतो, त्यामुळे चार तासांच्या ऑपरेशनाला दुसऱ्या डोसाची गरज पटण्यासारखी आहे. तुमचे सर्जन ज्याला ‘नंतरचा डोस’ म्हणताहेत तो हा असेल, किंवा वॉर्डात गेल्यावर पहिल्या काही तासांतला असेल, तर माझी हरकत नाही.

हरकत असेल ती पुढे तीन-तीन दिवस चालणाऱ्या गोळ्या-इंजेक्शनांना. ड्रेनमध्ये अजून लाल दिसतंय म्हणून ती लिहून दिलेली मी पाहते. पहिल्या काही तासांनंतर शरीर स्वतःच खेकड्यांना आवरतं आणि दुसऱ्या दिवशी तर गुठळी विरघळण्याची क्रिया नेहमीपेक्षाही मंदावलेली असते. म्हणजे पायात गुठळी होण्याची भीती वाढते नेमक्या त्याच वेळी आपण औषध चालू ठेवतोय. पोटातल्या रक्तस्रावासाठी २४ तास मोठ्या मात्रेत हे औषध देऊन पाहिलेली १२,००९ रुग्णांची हॉल्ट-इट ही चाचणी २०२० मध्ये आली. मृत्यू कमी झाले नाहीत आणि शिरांमधल्या गुठळ्या ०.४ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर गेल्या. तो रोग वेगळा, पण लांबवत नेण्याबद्दल माझा हात आखडता आहे तो या आकड्यामुळे. स्टेंट, मधुमेह आणि दोन दिवस अंथरुणावर असलेली आई, हे तिन्ही एकत्र असताना तर नाहीच.

मूत्रपिंडाचं एका वाक्यात सांगते: हे औषध जवळजवळ सगळं लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कमी काम करू लागलं की ते वाढतं) वाढलेलं असेल तर मात्रा कमी करावी लागते, नाहीतर औषध साचतं आणि झटके येऊ शकतात. मधुमेह आणि वर्षभराच्या दुखण्याच्या गोळ्या, म्हणजे आईंचं क्रिएटिनिन बघितल्याशिवाय मी मात्रा ठरवणार नाही. आधी कधी फिट येऊन गेली असेल तर तेही सांगा.

इथवर आलात तर एकदा मागे वळून बघू. पायात वा फुप्फुसात गुठळी नाही, हृदय सध्या शांत आहे, अलीकडे छातीत दुखलेलं नाही, क्रिएटिनिन बरं आहे आणि औषध ऑपरेशनच्या दिवसापुरतंच आहे, एवढं जुळलं की माझं ‘बहुधा’ हे ‘हो’ होतं. यातलं एखादं फिसकटलं तर मी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करते, आणि कधीकधी औषध न देता बाकीच्या उपायांवर भागवते.

बाकीचे उपाय पुष्कळ आहेत आणि त्यांची जाहिरात कुणी करत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा उपाय म्हणजे पोट मोकळं ठेवणं. ऐकायला विचित्र वाटेल. मणक्याचं ऑपरेशन रुग्णाला पालथं झोपवून करतात. मणक्याच्या आत शिरांचं एक जाळं असतं, त्याला बॅटसनचं जाळं म्हणतात. बॅटसन यांनी १९४० साली त्याचं वर्णन केलं. या शिरांना झडपा नसतात. पोट दाबलं गेलं की पोटातल्या मोठ्या शिरेतलं रक्त उलटं या जाळ्यात शिरतं आणि सर्जन उघडतोय नेमकं तिथे ते फुगून बसतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. सर्जन तासभर कुरकुरत होते, सगळीकडून झिरपतंय, कापसाच्या पट्ट्या भिजतायत. रक्तदाब चांगला, रिपोर्ट चांगले, औषध दिलेलं. शेवटी मी हिरव्या चादरीखाली वाकून बघितलं तर छातीखालचा लोड सरकून बेंबीशी आलेला. दोघांनी मिळून तो वर ओढला. दहा मिनिटांत सर्जन म्हणाले, ‘मॅडम, आत्ता काय दिलंत?’ काहीच दिलं नव्हतं. तेव्हापासून भूल दिल्यावर पालथं केलं की मी स्वतः हात घालून पोट लोंबतंय ना हे बघते, आणि दर तासाने पुन्हा बघते.

पूर्वी आम्ही रक्तदाब मुद्दाम खूप खाली ठेवायचो, की रक्त कमी जावं. आता तेवढा ठेवत नाही. कमी दाबाने मज्जारज्जूला, हृदयाला आणि डोळ्याच्या नसेला कमी रक्त पोचतं. स्टेंटवाल्या रुग्णात तर तो सौदा आतबट्ट्याचाच. रुग्णाला गार पडू न देणं हे मात्र स्वस्त आणि मस्त, कारण थंड रक्त नीट गोठत नाही. सांडलेलं रक्त गोळा करून, धुऊन परत देणारं यंत्रही असतं, पण दोन पातळ्यांच्या ऑपरेशनला त्याचा खर्च सहसा परवडत नाही.

गोळ्यांचं तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून विचारते. आई फक्त ॲस्पिरिनवर आहेत की सोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉरही चालू आहे? दोन वर्षं झाली तरी दोन्ही चालूच राहिल्या, कुणी थांबवायला सांगितलंच नाही, असे रुग्ण मला दर महिन्याला भेटतात. क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवावं लागतं. ॲस्पिरिन चालू ठेवायचं की नाही हे सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं, आणि तुम्ही ते कागदावर लिहून मागायचं. स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. मला सांगायचंय ते हे की स्टेंटला ट्रॅनेक्सॅमिकपेक्षा मोठा धोका असतो तो बंद केलेली गोळी ऑपरेशननंतर पुन्हा चालू करायची राहून जाण्याचा. डिस्चार्जच्या कागदावर ती नसते, घरी आल्यावर कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून कुठल्या तारखेला परत सुरू करायची, ती तारीख आत्ताच विचारून ठेवा. गुडघ्यांसाठी कुणा वैद्याकडून आणलेली पुडी, लसणाच्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, तंबाखू-मिशरी, सगळं सांगा. मिशरीचा रक्तस्रावाशी संबंध नाही, पण जोडलेला मणका भरून यायला तंबाखू आडवी येते.

मामांना सांगण्यासारखी एक गोष्ट, कारण तो धोका त्यांच्या धोक्यापेक्षा खरा आहे. ट्रॅनेक्सॅमिक शिरेत द्यायचं औषध आहे. पाठीच्या पाण्यात, म्हणजे कमरेतून भूल देतात तिथे, ते चुकून गेलं तर भयंकर झटके येतात आणि अशा चुकांत साधारण निम्मे रुग्ण दगावतात. या औषधाच्या आणि भुलीच्या औषधाच्या काचेच्या ॲम्प्यूल एकमेकींसारख्या दिसतात, त्यातून जगभर असे अपघात झालेत आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली त्याबद्दल इशाराही दिला. मी एकदा एका छोट्या रुग्णालयात सिझेरियनला गेले होते. सिस्टरने ट्रेमध्ये दोन्ही ॲम्प्यूल शेजारी मांडलेल्या. माझी सवय नाव मोठ्याने वाचायची, म्हणून वाचलं तेव्हा कळलं हातात भलतीच आहे. त्या दिवसानंतर माझ्या ऑपरेशन थिएटरमध्ये ट्रॅनेक्सॅमिकची ॲम्प्यूल भुलीच्या ट्रेच्या जवळपासही फिरकत नाही. आईंचं ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होणार असल्याने हा प्रश्न येणार नाही. काही सर्जन हे औषध जखमेतही ओततात. मज्जारज्जूचं आवरण कुठे फाटलं असेल तर तसं करू नये, हे त्यांना माहीत असतंच, पण विचारलंत तर कुणी रागावणार नाही.

आता ऑपरेशन झाल्यानंतरचं, जिथे तुम्ही स्वतः काही करू शकता. ड्रेनच्या बाटलीकडे टक लावून बसू नका. पहिल्या दिवशी दोन-तीनशे मिली येणं माझ्या अनुभवात नेहमीचं आहे, आणि त्यात रक्तासोबत जखमेचं पाणीही असतं. आकड्यापेक्षा वेग बघा. एका तासात अचानक खूप भरलं, किंवा लाल असलेलं एकदम पाण्यासारखं पातळ व्हायला लागलं तर सांगा. आणि उलट, ड्रेन अगदीच कोरडा आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका. नळी तुंबलेली असू शकते आणि रक्त आत साठत असू शकतं. कुठल्याही औषधाने ही शक्यता पुसली जात नाही. आत साठलेलं रक्त नसांवर दाब आणतं, आणि अशा वेळी हातात काही तासच असतात.

म्हणून पहिले दोन दिवस, जागं असताना दर दोन तासांनी आईंना दोन्ही पायांचे अंगठे वर-खाली करायला सांगा. पायाला बोट लावून ‘कळतंय का’ विचारा. लघवीची नळी काढल्यानंतर लघवी होतेय का बघा. मघाशी हलणारा अंगठा आता हलत नाही, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटतंय, किंवा इंजेक्शन देऊनही पाठीचं दुखणं तासातासाला चढतंच चाललंय, असं काही दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी सिस्टरना उठवा, ड्यूटी डॉक्टरना बोलवा आणि ‘सर्जनना आत्ता फोन करा’ असं सांगा.